एमे सेझेरची वही आणि दुर्बोधतेचा आरोप

आधुनिकतावादी साहित्याची जी कुळकथा आपल्या विद्यापीठांतून सांगितली जाते, ती साधारण अशी आहे. पहिल्या महायुद्धाने युरोपचा माणसावरचा विश्वास उडाला. धर्म, प्रगती, संस्कृती ही सारी मूल्ये खंदकांतल्या चिखलात रुतली, आणि त्या उद्ध्वस्त मनाने लिहिलेली कविताही तुटक, विस्कळीत, दुर्बोध झाली. १९१६ साली झुरिकमध्ये दादावाले जमले, १९२२ साली एलियटची 'द वेस्ट लँड' आली, १९२४ साली आंद्रे ब्रतोंने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मी गेली काही वर्षे हेच शिकवतो. यात खोटे काही नाही. पण ही कथा ज्यांचे काही कोसळले त्यांची आहे. त्या इमारतीत ज्यांना कधी राहायलाच मिळाले नाही, तिच्या पायात जे गाडले गेले, त्यांनी हीच तंत्रे हाती घेतली तेव्हा काय घडले, हा प्रश्न अभ्यासक्रमात येत नाही.

आपल्याकडच्या चर्चेतही तो वेगळ्या रूपाने अडलेला आहे. प्रतिमांचा गुंता हा पांढरपेशा कवींचा रोग आहे, आपल्या माणसाला कळेल असे सरळ लिहा, असे चळवळीतले अनेकजण प्रामाणिकपणे म्हणतात. १९७२ साली 'गोलपिठा' आला आणि हा वाद अधिकच पेटला. त्या वादाचा निकाल मी लावणार नाही. मात्र मार्टिनिक बेटावरच्या एका कवीचे उदाहरण त्यासाठी नीट पाहण्यासारखे आहे.

कॅरिबियन समुद्रातले मार्टिनिक ही उसाच्या मळ्यांवर उभी राहिलेली फ्रेंच वसाहत. गुलामगिरी तिथे १८४८ साली कायद्याने संपली, पण जमीन आणि साखर कारखाने 'बेके' म्हणवणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांच्या वंशजांकडेच राहिले. एमे सेझेरचा जन्म १९१३ चा, बेटाच्या उत्तरेकडील बास-प्वांत या गावचा. घरी गरिबी होती, पण वडील लहानशा सरकारी नोकरीत होते आणि आजीने त्याला अक्षरओळख करून दिली. आपल्यापैकी अनेकांची जी निरक्षर घराची पार्श्वभूमी असते ती त्याची नव्हती, हे आधीच नोंदवलेले बरे. १९३१ साली शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला. तिथे त्याला सेनेगलचा सेंगोर भेटला. फ्रेंच गयानाचा दामास सोबत होताच. या तिघांनी मिळून 'नेग्रित्यूद' हा विचार घडवला. 'नेग्र' ही फ्रेंचमधली शिवी. ती झटकण्याऐवजी त्यांनी ती उचलून कपाळावर लावली. समाजाने हिणवण्यासाठी वापरलेला शब्द स्वतःची ओळख म्हणून घेताना काय सोसावे लागते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

सेझेरची 'मायभूमीत परतण्याची वही' ही दीर्घ कविता ऑगस्ट १९३९ मध्ये 'व्होलोंते' या पॅरिसच्या मासिकात आली. लगेच पुढच्या महिन्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि कवितेकडे कोणी फारसे पाहिले नाही. मी फ्रेंच शिकलेलो नाही, इंग्रजी भाषांतरांवरून वाचतो. पण भाषांतरातही कळते की ही निराशेची कविता नाही. पहाट उजाडत असल्याचे एकच शब्दबंध पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी त्याच्यामागून काहीतरी भयंकर दिसते. सपाट पसरलेले मुके शहर. भुकेने आवाज गिळलेला शाळकरी मुलगा, ज्याच्या तोंडून मास्तरला आणि पाद्र्याला एक शब्दही काढता येत नाही. लेकरांच्या भुकेसाठी रात्रंदिवस सिंगर मशीन चालवणाऱ्या आईचे पाय. वाक्ये संपत नाहीत, गद्य मध्येच पद्य होते, वनस्पतिशास्त्रातले आणि वैद्यकातले शब्द शिव्यांशेजारी येऊन बसतात. फ्रेंच शाळेने शिकवलेले नेटके व्याकरण ज्याने पाठ केले होते, तोच ते मोडतो आहे. एलियटच्या कवितेत भाषेचे तुकडे होतात, कारण एक परंपरा हातून निसटली आहे. सेझेरच्या कवितेत ते होतात, कारण ती परंपरा गळ्यावर बसलेली आहे. तंत्र दोन्हीकडे सारखे दिसते, दुखणे मात्र एक नाही. आणि ही वही बसलेल्यांची राहत नाही. शेवटाकडे गुलामांच्या जहाजाच्या तळघरात खाली बसवलेली माणसे उठून उभी राहतात.

कवितेच्या मध्यावर ट्रामचा प्रसंग आहे. समोरच्या बाकावर एक थोराड, फाटका, दारिद्र्याने कुरूप केलेला काळा माणूस अंग चोरून बसला आहे. मागे बसलेल्या बायका त्याच्याकडे पाहून खिदळतात. आणि कवीही, शिकलेला, शिष्यवृत्तीवाला कवी, त्यांच्या हसण्यात सामील होऊन हसतो. मग आपल्या भेकडपणावर तो जे लिहितो ते मूळातच वाचावे. हा भाग वर्गात घेतला की मुले एकदम गप्प होतात. पहिल्या पिढीचा पदवीधर ज्या एस.टी.त बसतो तीत त्याच्या वस्तीतलेही कोणीतरी बसलेले असते, आणि ओळख द्यायची की खिडकीबाहेर पाहायचे हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो, हे त्यांना ठाऊक असते. विद्रोही कविता शत्रूवर तुटून पडते तेव्हा टाळ्या मिळतात. सेझेर आधी स्वतःवर तुटून पडतो, म्हणून त्याच्या पुढच्या विद्रोहावर विश्वास बसतो.

आता राजकीय उलथापालथीकडे वळू. १९३९ साली सेझेर पत्नी सुझानसह मार्टिनिकला परतला आणि ज्या शाळेत शिकला होता तिथेच शिक्षक झाला. फ्रान्झ फॅनन त्याच शाळेचा विद्यार्थी. जून १९४० मध्ये फ्रान्स हिटलरपुढे कोसळला. मार्टिनिकचा कारभार व्हिशी सरकारच्या वतीने अ‍ॅडमिरल रॉबेरच्या हाती गेला. निवडून आलेल्या नगराध्यक्षांच्या जागी सरकारी नेमणुका झाल्या आणि त्यांत बेके मंडळींची चंगळ झाली. बंदरात अडकून पडलेले हजारो फ्रेंच खलाशी रस्त्यांवर उघड वंशद्वेषाने वागू लागले. नाकेबंदीमुळे खाण्यापिण्याची टंचाई होतीच. आपण फ्रेंच आहोत असे पिढ्यानपिढ्या घोकणाऱ्या बेटाला फ्रान्सचा उघडा चेहरा तेव्हा रोज दिसू लागला.

अशा काळात एप्रिल १९४१ मध्ये एमे, सुझान आणि रने मेनिल यांनी मित्रांच्या मदतीने 'त्रोपिक' हे नियतकालिक काढले. सरळ लिहिणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी कविता लिहिली, बेटावरच्या झाडापाल्यावर लेख छापले, लोककथा छापल्या, फ्रेंच कवींवर समीक्षा केली. सेन्सॉरला हे साहित्य-संस्कृतीचे निरुपद्रवी प्रकरण वाटले आणि दोन वर्षे अंक निघत राहिले. दुर्बोधता ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. इथे दुर्बोधता हा दाराचा कडी-कोयंडा होता. १९४३ च्या मे महिन्यात अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले, तेव्हा हे नियतकालिक क्रांतिकारक आणि वंशवादी असल्याचा ठपका ठेवून त्यांनी कागद नाकारला. संपादकांनी उलट उत्तर पाठवले. त्यात त्यांनी आरोप नाकारले नाहीत. हैतीच्या गुलामांचा नेता तूसाँ लूव्हर्त्यूर ज्या अर्थाने वंशवादी, त्या अर्थाने आम्हीही, असा त्या उत्तराचा सूर होता. त्याच वर्षी जुलैमध्ये लोकांच्या उठावापुढे रॉबेरला जावे लागले, आणि 'त्रोपिक' पुन्हा सुरू होऊन १९४५ पर्यंत चालले.

सुझान सेझेरविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही, म्हणून थोडे थांबतो. 'त्रोपिक'मध्ये तिचे सात निबंध आले. झोपाळा, व्हॅनिला, फुले आणि निळा समुद्र यांची पर्यटकी कविता संपवली पाहिजे, असे तिने १९४२ साली बजावले. बेटाचे सौंदर्य हाच त्याच्या शोषणावरचा बुरखा आहे, हे तिने १९४५ च्या शेवटच्या निबंधात मांडले. माझ्या मते 'त्रोपिक'मधले सर्वांत धारदार गद्य तिचे आहे. त्यानंतर तिचे जवळजवळ काहीच प्रसिद्ध झाले नाही. सहा मुले वाढवून, शिक्षिकेची नोकरी करून १९६६ साली ती गेली. नवरा जगप्रसिद्ध झाला. चळवळींच्या घराघरांत हा हिशेब असाच लागत आला आहे.

ब्रतोंचा किस्सा मात्र सर्वांना ठाऊक असतो. नाझींपासून पळताना १९४१ च्या एप्रिलमध्ये तो मार्टिनिकला उतरला. मुलीसाठी रिबन घ्यायला एका दुकानात गेला तर तिथे 'त्रोपिक'चा पहिला अंक दिसला. दुकान मेनिलच्या बहिणीचे होते. ब्रतोंने मग सेझेरवर एक गौरवलेख लिहिला आणि तो १९४७ च्या आवृत्तीला प्रस्तावना म्हणून लागला. यावरून सेझेरला अतिवास्तववाद ब्रतोंने दिला, असे सर्रास लिहिले जाते. तारखा तसे सांगत नाहीत. मेनिल आणि त्याच्या मार्टिनिकी मित्रांनी पॅरिसमध्ये १९३२ सालीच अतिवास्तववादाची बाजू घेणारा एक अंक काढला होता, आणि वही छापून आली तेव्हा ब्रतोंला सेझेर माहीतही नव्हता. अर्थात ब्रतोंच्या गटाने १९३१ च्या पॅरिसमधील वसाहत-प्रदर्शनावर बहिष्काराचे आवाहन केले होते, तेव्हा हे लोक नुसते कौतुक करणारे नव्हते. तरीही आज कोणताही गोरा हाताळू शकत नाही अशी फ्रेंच हा काळा माणूस हाताळतो, या त्याच्या स्तुतीवर फॅननने १९५२ साली बोट ठेवलेच. यात आश्चर्य कशाचे, असे त्याने विचारले. 'तुमची मराठी किती शुद्ध आहे हो!' हे वाक्य ज्यांनी स्टाफरूममध्ये ऐकले आहे त्यांना फॅनन लगेच कळतो.

सेझेरवरचे आक्षेपही खरे आहेत. १९४५ साली तो फोर-द-फ्रान्सचा नगराध्यक्ष आणि फ्रेंच संसदेचा सभासद झाला, आणि १९४६ साली मार्टिनिकला फ्रान्सचा प्रांत करणारा कायदा त्यानेच मांडला. वहीतल्या विद्रोहाचा हा शेवट म्हणायचा काय? गोऱ्या कामगाराला मिळणारे कायद्याचे संरक्षण ऊसतोडणाऱ्यालाही मिळावे, हा त्याचा हेतू होता. ते संरक्षण रखडत रखडत आले आणि स्वातंत्र्याचा प्रश्न मागे पडला. १९५६ साली त्याने कम्युनिस्ट पक्ष सोडला आणि १९५८ साली स्वतःचा पक्ष काढून स्वायत्ततेची मागणी लावून धरली. दुसरा आक्षेप भाषेचा. बेटावरचा कष्टकरी बोलतो ती क्रेओल. सेझेरने आयुष्यभर फ्रेंचमध्येच लिहिले. १९८९ साली शामोआझो, काँफियाँ आणि बेर्नाबे यांनी क्रेओलपणाचा जो गौरवग्रंथ काढला, त्यात स्वतःला सेझेरची लेकरे म्हणवूनही त्याच्यापासून फारकत घेतली. सिंगर मशीन चालवणाऱ्या आईला ती कविता वाचता आली असती का, हा त्यांचा प्रश्न मला टाळता येत नाही. पण तीच भाषा मोडण्याचे काम कोणीतरी आतून करायला हवे होते, हेही तितकेच खरे आहे.

ही वही मराठीत आणायची तर पहिली अडचण 'नेग्र' या शब्दाचीच येते. 'कृष्णवर्णीय' हा सभ्य शब्द आहे, त्यात थुंकी नाही. 'हबशी' म्हटले तर वेगळाच इतिहास, जंजिऱ्याचा, डोळ्यांपुढे येतो. 'निग्रो' हा इंग्रजीतून आलेला वर्तमानपत्री शब्द. आपल्याकडच्या जातिवाचक शिव्यांपैकी एखादी वापरली तर वाचकाला घाव नेमका कळेल, पण मार्टिनिक नाहीसे होईल. शिवाय जगभरच्या पीडितांची नावे घेताना कवीने कलकत्त्याच्या हिंदू माणसाचेही नाव घेतले आहे, आणि त्या एका नावाच्या पोटात किती पायऱ्यांची उतरंड आहे हे त्याच्या कवितेत कुठे दिसत नाही. तिथे तळटीप द्यावी की देऊ नये? सध्या मी वर्गात 'नेग्र' हाच शब्द फळ्यावर लिहितो, त्याच्यासमोरची जागा मोकळी ठेवतो आणि मुलांना आपापल्या गावातला शब्द सुचवायला सांगतो. त्यात पूर्ण तास जातो.