दाबाचे अचूक मोजमाप : स्ट्रेन गेज संवेदकाची रचना आणि निर्मिती

१२ ऑगस्ट २०२१ रोजी श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही-एफ१० या प्रक्षेपकाने ईओएस-०३ या भू-निरीक्षण उपग्रहासह उड्डाण केले. पहिल्या दोन टप्प्यांनी आपले कार्य व्यवस्थित पार पाडले; मात्र क्रायोजेनिक टप्प्याचे इंजिन अपेक्षेप्रमाणे कार्यान्वित झाले नाही आणि मोहीम अपयशी ठरली. कारणांचा शोध घेण्यासाठी नेमलेल्या समितीने उड्डाणातील नोंदींचा अभ्यास केला. द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीतील दाब उड्डाणानंतर अपेक्षित प्रमाणात वाढला नव्हता, असे त्यातून दिसून आले. टाकीतील अतिरिक्त वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेत गळती झाली असावी, असा निष्कर्ष समितीने काढला. पुढे आवश्यक सुधारणा करण्यात आल्या आणि २९ मे २०२३ रोजी जीएसएलव्ही-एफ१२ ने एनव्हीएस-०१ हा दिशादर्शन उपग्रह यशस्वीपणे कक्षेत नेला.

प्रक्षेपक नष्ट झाल्यावर अभियंत्यांच्या हाती उरतात त्या केवळ त्याने पाठविलेल्या नोंदी. त्या विश्वसनीय नसतील, तर दोष कोठे होता हे कळणार नाही आणि तो दूरही करता येणार नाही. म्हणूनच दाब मोजणारा संवेदक आकाराने लहान असला तरी त्याचे महत्त्व मोठे आहे. अशा संवेदकांमध्ये दीर्घकाळ वापरात असलेला व आजही मोठ्या प्रमाणावर उपयोगात येणारा प्रकार म्हणजे स्ट्रेन गेज अर्थात विकृतिमापकावर आधारित संवेदक होय.

मूलभूत तत्त्व

एखाद्या पदार्थावर बल लावले असता त्याच्या लांबीत जो बदल होतो, त्याचे मूळ लांबीशी असलेले गुणोत्तर म्हणजे विकृती. धातूची तार ताणली की तिची लांबी वाढते, जाडी कमी होते आणि परिणामी तिचा विद्युत रोध वाढतो. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ मध्ये तांबे व लोखंडाच्या तारांवर प्रयोग करून हा परिणाम दाखवून दिला. त्याचा व्यवहारात उपयोग होण्यास मात्र ऐंशीहून अधिक वर्षे लागली. १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे पृष्ठभागावर चिकटविण्याजोगा तारेचा स्ट्रेन गेज तयार केला. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये तारेऐवजी धातूच्या पातळ पत्र्याचा गेज विकसित झाला. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉन व जर्मेनियम या अर्धवाहकांत हा परिणाम कितीतरी पटींनी तीव्र असल्याचे प्रसिद्ध केले.

रोधातील सापेक्ष बदल आणि विकृती यांच्या गुणोत्तरास गेज गुणांक म्हणतात. सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या धातूंच्या गेजसाठी तो सुमारे २ असतो, तर सिलिकॉनसाठी शंभरच्या घरात जाऊ शकतो.

पटलाची रचना

दाबाचे रूपांतर विकृतीत करण्याचे कार्य पटल करते. कडेने घट्ट धरलेल्या वर्तुळाकार धातूच्या पटलावर एका बाजूने दाब आला की ते दुसऱ्या बाजूस किंचित फुगते. त्या फुगलेल्या पृष्ठभागावर मध्यभागी ताण, तर कडेजवळ संकोच निर्माण होतो. ही विरुद्ध दिशांची विकृती अभियंत्याच्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त असते.

समजा, १०० बार म्हणजे १० मेगापास्कल दाब मोजावयाचा आहे आणि पोलादी पटलाची त्रिज्या ५ मिलिमीटर, तर जाडी १ मिलिमीटर आहे. गणिताने असे दिसते की, कडेजवळची विकृती दशलक्षात सुमारे ८५० भाग आणि मध्यभागाची त्याच्या निम्मी भरते. पटलाचा मध्यबिंदू अवघा ५ मायक्रोमीटर वर उचलला जातो. जाडी निम्मी केल्यास विकृती चौपट होते. म्हणजे संवेदनक्षमता वाढते. परंतु पटलातील प्रतिबलही चौपट होते. वरील उदाहरणात कडेजवळचे प्रतिबल सुमारे १९० मेगापास्कल आहे. यासाठी वापरल्या जाणाऱ्या उष्णतोपचारित क्रोमियम-निकेल पोलादाची स्थितिस्थापकता मर्यादा १००० मेगापास्कलच्या आसपास असते. त्यामुळे अकस्मात दाब वाढला तरी पटल कायमचे वाकत नाही. संवेदनक्षमता आणि सुरक्षितता यांचा समतोल साधणे हे रचनाकाराचे पहिले काम होय.

अल्प संकेत, मोठी आव्हाने

पटलावर चार गेज बसविले जातात : दोन मध्यभागी व दोन कडेजवळ. त्यांची जोडणी व्हीटस्टन सेतूच्या पद्धतीने केली जाते. दाब वाढला की दोन गेजचा रोध वाढतो व दोघांचा घटतो. सेतूचा तोल ढळून विद्युत संकेत मिळतो. वरील उदाहरणात सेतूला १० व्होल्टचा पुरवठा केल्यास पूर्ण दाबाला मिळणारा संकेत जेमतेम १३ मिलिव्होल्ट असतो. मोजमापात पाव टक्क्याची अचूकता हवी असेल, तर एका व्होल्टच्या तीस हजाराव्या भागाएवढा फरक ओळखता आला पाहिजे.

एवढ्या लहान संकेताचा सर्वांत मोठा शत्रू तापमान आहे. तांब्याचा रोध तापमानातील प्रत्येक अंशागणिक सुमारे ०.३९ टक्के बदलतो. वरील पटलाच्या कडेजवळ पूर्ण दाबाला गेजच्या रोधात होणारा बदल मात्र केवळ ०.१७ टक्के असतो. तांब्याचा गेज वापरल्यास एका अंशाची उष्णता १०० बार दाबाहून दुपटीने अधिक परिणाम घडवील! म्हणून तांबे व निकेल यांपासून बनविलेला कॉन्स्टंटन हा मिश्रधातू वापरतात. त्याचा रोध तापमानानुसार फारच थोडा बदलतो. शिवाय चारही गेज एकसारखे असल्यास तापमानाचा परिणाम त्यांच्यावर समान होतो व सेतूत तो परस्पर रद्द होतो. तरीही काही शेष दोष उरतोच. तो घालविण्यासाठी प्रत्येक संवेदक उष्ण व शीत कक्षात तपासून त्याला अनुरूप असे छोटे रोधक सेतूत जोडावे लागतात.

निर्मितीची प्रक्रिया

निर्मितीत सूत्रांपेक्षा शिस्तीला अधिक महत्त्व असते. काही मायक्रोमीटर जाडीचा मिश्रधातूचा पत्रा पॉलिमरच्या पातळ थरावर बसवून, प्रकाशीय छपाई व रासायनिक कोरण्याच्या पद्धतीने त्यावर नागमोडी जाळीचा आकार घडविला जातो. पटलाचा पृष्ठभाग काळजीपूर्वक घासून व स्वच्छ करून विशेष इपॉक्सी गोंदाने गेज चिकटविला जातो आणि दाबाखाली धरून उच्च तापमानाला पक्का केला जातो. गोंदाचा थर जाड वा असमान राहिला, त्यात हवेचा बुडबुडा अडकला किंवा पृष्ठभागावर बोटाचा ठसाही राहिला, तर पटलाची विकृती गेजपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. दाब स्थिर असतानाही वाचन हळूहळू सरकू लागते.

हा दोष टाळण्यासाठी गोंदच वर्ज्य करण्याचा मार्गही अवलंबिला जातो. निर्वात कक्षात पटलावर प्रथम विद्युत-विरोधी थर व त्यावर मिश्रधातूचा अतिसूक्ष्म थर निक्षेपित केला जातो. अशा संवेदकांचे वाचन दीर्घकाळ स्थिर राहते. परंतु त्यांच्या निर्मितीस महागडी यंत्रसामग्री व धूलिमुक्त कक्ष लागतात.

यानंतर संवेदक ओलाव्यापासून बचावासाठी वेल्डिंग करून बंद केला जातो. कार्यकारी दाबाहून अधिक दाब देऊन, तसेच दाब वारंवार चढवून व उतरवून त्याची परीक्षा घेतली जाते. अखेरीस प्रमाणित वजनांच्या साहाय्याने ज्ञात दाब निर्माण करणाऱ्या उपकरणावर त्याचे कॅलिब्रेशन होते. दाब चढताना व उतरताना मिळणारी वाचने जुळतात का, हेही येथेच पाहिले जाते. या मोजमापांची साखळी अंतिमतः राष्ट्रीय मानकाशी जोडलेली असावी लागते. भारतात ही मानके नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते.

भारतातील प्रयत्न

अवकाश कार्यक्रमाची गरज ओळखून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने संवेदकनिर्मिती स्वतःकडे घेतली. संस्थेच्या द्रव प्रणोदन प्रणाली केंद्राच्या बंगळुरू येथील विभागात संवेदकांचा विकास व उत्पादन केले जाते. या निर्णयामागे केवळ खर्चाचा विचार नव्हता. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला साठविला जातो, तर इंजिनाचे काही भाग अत्यंत तप्त असतात. अशा परिस्थितीत टिकणारा संवेदक बाजारातून सहज मिळेलच असे नाही. आणि सामरिक उपयोगाच्या वस्तूंवर निर्यातनिर्बंध येऊ शकतात.

सिलिकॉनवर आधारित सूक्ष्म दाब संवेदकांच्या क्षेत्रात पिलानी येथील केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने संशोधन केले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. त्यात संवेदकांच्या उत्पादन प्रकल्पांनाही साहाय्याची तरतूद करण्यात आली.

रुग्णालयातील रक्तदाबमापन, मोटारीचे इंजिन, जलविद्युत प्रकल्पातील पाइप, रासायनिक कारखान्यातील बाष्पपात्र अशा अनेक ठिकाणी दाब संवेदक आवश्यक असतात. त्यामागील भौतिकशास्त्र पदवीच्या विद्यार्थ्यालाही परिचित आहे. तथापि, विशुद्ध मिश्रधातू, खात्रीचा गोंद, कुशल तंत्रज्ञ आणि मानकाशी जोडलेली प्रयोगशाळा ही शृंखला उभी राहण्यास अनेक वर्षांची चिकाटी लागते. अवकाश क्षेत्रात प्राप्त झालेली ही क्षमता लघु व मध्यम उद्योगांपर्यंत पोहोचविणे, तसेच तंत्रशिक्षण संस्थांतून मोजमापशास्त्राच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला योग्य स्थान देणे, हे या क्षेत्रातील स्वावलंबनाच्या दृष्टीने आवश्यक आहे.