शनिवारची बैठक मोडली, तिथून

ईस्टरनंतरच्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी पुन्हा आवाहन केलं. संडे स्कूलला शिक्षक हवेत, इच्छुकांनी उपासनेनंतर सेक्रेटरींकडे नावं द्यावीत. इथवर ठीक होतं. पुढे त्यांनी पुस्ती जोडली की आजकालच्या तरुणांत समर्पण राहिलेलं नाही. माझ्या पुढच्या बाकावर बसलेल्या मुलीने ते मान खाली घालून ऐकलं. छोट्यांचा वर्ग ती वर्षभर एकटीने चालवत होती. आजारी पडली तेव्हा बदली कोणी मिळेना, म्हणून अंगात ताप असताना आली. शेवटी तिने काम सोडलं, तर ‘का गं?’ असं विचारायला एक माणूस तिच्या घरी गेला नाही. आणि समर्पण म्हणे हिच्यात नाही!

संडे स्कूलचा इतिहास मंडळीच्या प्रत्येक स्मरणिकेत असतो आणि तो सगळ्या स्मरणिकांत सारखाच कंटाळवाणा असतो, म्हणून भरभर सांगते. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी 1780 साली ही शाळा काढली. आठवडाभर कामाला जुंपलेली गरिबांची पोरं रविवारी मोकळी असत. बायबल हाती देऊन त्यांना वाचायला शिकवायचं, हा बेत. तिथल्या पहिल्या शिक्षिका पगारी होत्या. विनामूल्य सेवेची प्रथा नंतर पडली, हे मात्र स्मरणिकांत कधी छापून येत नाही. आपल्याकडे अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले, 1831 साली नगरला ठाणं झालं, सिंथिया फॅरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, 1876 साली इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. 1970 साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. चर्चवरची पाटी बदलली. संडे स्कूलच्या खोलीत मात्र तोच फळा, तीच सतरंजी आणि पाठ करायचं तेच सुवर्णवचन.

मला बोलायचं आहे ते 1987 ते 1997 या दहा वर्षांबद्दल. त्या काळात पुण्याच्या आमच्या मंडळीत मी शिक्षिका होते, आणि संडे स्कूलच्या सुपरिंटेंडेंट होत्या आमच्या बाई. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, लेडीज सायकलवरून फिरणाऱ्या, आवाज चढवायची गरज न पडणाऱ्या.

काळ सोपा नव्हता. 1987च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेही रविवारी सकाळी. पाठोपाठ ‘महाभारत’ आलं, मग 1993 साली ‘जंगल बुक’, पुढे ‘चंद्रकांता’. आमच्या पोरांचे आईवडीलच टीव्हीसमोरून हलेनात, तर पोरं कशी हलणार? कमिटीत काहींचं म्हणणं पडलं की पालकांना सक्त पत्रं पाठवा. बाईंनी पत्रं पाठवली नाहीत. त्यांनी वर्ग तासभर अलीकडे ओढला आणि आम्हा शिक्षकांना बजावलं, ‘त्या डब्यातली गोष्ट जर तुमच्या गोष्टीपेक्षा चांगली असेल, तर पोरांनी इकडे यावं तरी का?’

याचं उत्तर शनिवारी संध्याकाळी तयार व्हायचं. दर शनिवारी पाच वाजता चर्चच्या मागच्या खोलीत शिक्षकांची बैठक असे. उद्याची गोष्ट प्रत्येकाने उभं राहून सांगायची, बाकीच्यांनी मुलं होऊन बसायचं आणि मुलांसारखेच खट्याळ प्रश्न विचारायचे. तारवात वाघ काय खात होता? अब्राहामाने इसहाकाला बांधलं, तेव्हा त्याची आई कुठे होती? जक्कय झाडावरून खाली पडला असता तर? ज्याला उत्तर येत नसे त्याने ‘मला माहीत नाही, पण आपण मिळून शोधू’ एवढं म्हणायला शिकायचं. थापा मारायच्या नाहीत आणि मुलाला गप्प बसवायचं नाही, हे दोन नियम. मग फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवायची चित्रं कापायची, त्यांच्या पाठीला पॉलिश पेपरचे तुकडे डकवायचे, गाण्यांचे हावभाव बसवायचे. मग चहा. शेवटी प्रार्थना, आणि तीही नाव घेऊन. कोणाची बँकेची परीक्षा, कोणाचे वडील ससूनमध्ये, कोणाचं लग्न अडलेलं. मुलांसाठी प्रार्थना करणारे पुष्कळ असतात. शिक्षकांसाठी कोणी तरी करतंय, हे आम्हाला त्या खोलीत कळलं.

बाईंची पद्धत कुठल्या पुस्तकातली नव्हती, पण तिच्यामागे पक्का हिशोब होता. नवा शिक्षक वर्षभर जुन्याच्या हाताखाली राहायचा. त्याने हजेरी घ्यायची, चित्रं लावायची, रडणाऱ्याला बाहेर न्यायचं. त्यामुळे कुठल्याच वर्गात एकटा शिक्षक नसे, आणि एक आजारी पडला तर दुसरा उभा राही. नेमणूक जून ते एप्रिल. मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा आटोपली की बाई प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारत, ‘पुढच्या वर्षी आहेस का?’ नाही म्हणणाऱ्याला चहा पाजून मोकळं करत. महिन्यातून एक रविवार प्रत्येकाला सुट्टी. त्या दिवशी त्याने घरच्यांबरोबर बाकावर बसून उपदेश ऐकायचा, प्रभुभोजन घ्यायचं. दर रविवारी मागच्या खोलीत कोंडलेल्या माणसाची स्वतःचीच उपासना आटते, हे त्यांना कोणी शिकवायला लागलं नाही.

आणि त्या नकारही देऊ शकत. मंडळीला घसघशीत देणगी देणाऱ्या एका सद्गृहस्थांना मोठ्या मुलांचा वर्ग हवा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी नरकाचं असं वर्णन केलं की दोन पोरं त्या रात्री झोपली नाहीत. बाईंनी पुढच्या शनिवारी त्यांच्या हातात मे महिन्याच्या खरेदीची यादी दिली. त्यांनी रविवार पेठेतून क्रेप कागद आणि खडूची खोकी इतक्या स्वस्तात आणली की पुढे ते काम कायमचं त्यांच्याकडेच राहिलं. माणूसही खूश, मुलंही निर्धास्त.

मग हे मोडलं कसं? त्याला सैतान लागला नाही, कमिटी पुरली. आधी खजिनदारांनी वार्षिक सभेत शनिवारच्या चहा-बिस्किटांवर बोट ठेवलं. ‘सेवेला चहा कशाला?’ असं त्यांनी विचारलं आणि सभेने टाळ्या दिल्या. त्याच सभेत कापणीच्या सणाच्या मंडपाचा खर्च एका वाक्यात मंजूर झाला. मग मागची खोली शनिवारी तरुण संघाच्या ड्रम सेटला दिली गेली. शेवटचा घाव परदेशी पाठ्यक्रमाचा. गुळगुळीत कागदावर छापलेलं, बर्फात खेळणाऱ्या मुलांची चित्रं असलेलं पुस्तक आलं. त्यात शिक्षकाने काय बोलायचं तेही लिहिलेलं होतं. एक कमिटी मेंबर म्हणाले, आता तयारीची बैठक कशाला, पुस्तकातून वाचून दाखवलं की झालं. बैठक बंद झाली. दोन वर्षांत जुने शिक्षक गळले, आणि नव्यांना घडवणारं कोणी उरलं नाही. बाई गेल्या त्या वर्षीच्या अहवालात त्यांच्यावर दोन ओळी होत्या. नव्या साउंड सिस्टिमवर अर्धं पान.

पुढच्या पंचवीस वर्षांत सांगण्यासारखं थोडं आहे. प्रोजेक्टर आला, 2020 साली चर्चं बंद झाली तेव्हा मोबाइलवर वर्ग भरले, पुन्हा चर्चं उघडली तेव्हा निम्मी मुलं परतली नाहीत. रविवारी आता दूरदर्शन आड येत नाही, क्लासच्या टेस्ट सिरीज येतात. आणि इंग्रजी माध्यमातल्या आमच्या नातवंडांना मराठी बायबलची एक ओळ सलग वाचता येत नाही. रेक्स यांनी ज्या कामासाठी शाळा काढली होती, तेच काम पुन्हा दारात येऊन उभं आहे. रविवारी वीस मिनिटं देवनागरी वाचायला शिकवलं तरी संडे स्कूलचं सार्थक होईल. पण ते शिकवायला शिक्षक लागतो, आणि त्या शिक्षकाला आधी कोणीतरी शिकवावं लागतं.

कायद्याचीही आठवण करून देते. बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या माणसाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो शिक्षक असो, पाळक असो की खजिनदार. ‘मंडळीची बदनामी नको, आपसात मिटवू’ हे चालत नाही. आमच्या किती स्वयंसेवकांना हे कोणी बसवून सांगितलं? एका वर्गात दोन मोठी माणसं हवीतच, हा नियम आज जगभरच्या मंडळ्या मुलांच्या सुरक्षेसाठी पाळतात. बाईंच्या जोडीच्या पद्धतीत तो आपोआप पाळला जात होता. आम्ही तो मोडीत काढला आणि अंगात ताप असलेल्या एका मुलीला वर्गात एकटं उभं केलं.

समर्पण कुठे गेलं, हा प्रश्नच चुकीचा आहे. समर्पण घेऊन माणसं येतात. त्यांना जोडीदार, तयारी, सुट्टी आणि सोडून जायची मोकळीक दिली नाही, तर ती थकतात. थकलेल्यांना व्यासपीठावरून बोल लावला, तर ती पुन्हा येत नाहीत, आणि त्यांना पाहून दुसरीही येत नाहीत.

आम्ही चार निवृत्त शिक्षकांनी कमिटीला पत्र दिलं आहे. येत्या जूनपासून दर शनिवारी पाच वाजता तयारीची बैठक घ्यायची आमची तयारी आहे. मागच्या खोलीची किल्ली मिळाली तर तिथे, नाही मिळाली तर माझ्या घरी. चहाचा खर्च आमचा, खजिनदारांनी काळजी करू नये.