पाळणा लांबवायचा, तर बोलणं आधी

आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. नवरा तिकडे, बायको इकडे, आणि पुढच्या मुलाचा विषय 'नंतर बघू' म्हणून राहून जातो. पण तांबी प्रसूतीनंतर लगेच, वार पडल्यावर 10 मिनिटांत किंवा 48 तासांच्या आत बसवता येते. ती वेळ हुकली की 6 आठवडे थांबावं लागतं. कळा सुरू असताना संमती विचारणं बरं नव्हे. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातल्या एखाद्या तपासणीला दोघांनी मिळून जावं, डॉक्टरांना विचारावं, आणि ठरलेलं केसपेपरवर लिहून घ्यावं.

'अंगावर पाजतेय, दिवस राहणार नाहीत' हा भरवसा अर्धाच खरा. बाळ 6 महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईचं दूध आणि पाळी न आलेली, या तिन्ही अटी पाळल्या तरच तो टिकतो. पाळी येण्याआधीही बीज सुटतं!

सरकारी दवाखान्यात 'छाया' गोळ्या आणि दर 3 महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन मोफत मिळतं. पाजणाऱ्या आईला हे इंजेक्शन 6 आठवड्यांनंतर. निरोध मात्र नवऱ्याच्या हातात. कुटुंब पूर्ण झालं असेल, तर बिनटाक्याची नसबंदीही; ती बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी, तरी घरात तिचं नाव निघत नाही.