लसीविषयीं कोणास विचारावें?

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या नातीस नऊ महिने पूर्ण झाले. सरकारी वेळापत्रकाप्रमाणें गोवर व रुबेला यांवरील लसीची पहिली मात्रा या वयांत द्यावयाची असते. ठरलेला बुधवार गेला, पुढचाही गेला. परंतु बाळीस दवाखान्यांत नेण्याची गोष्ट घरांत कोणीच काढीना. शेवटीं आम्हींच सूनबाईस विचारलें. ती क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, "बाबा, मीं मोबाईलवर बरेंच वाचलें आहे. वाचल्यापासून धीर होत नाहीं."

आमची सूनबाई विज्ञानाची पदवीधर आहे. ती आळशी नव्हे, निष्काळजी तर मुळींच नव्हे. उलट, बाळीच्या काळजीनें तिनें रात्रीं दोन दोन वाजेपर्यंत जागून वाचन केलें होतें. तेव्हां 'हल्लीच्या मुली!' असा शेरा मारून मोकळें होणें आम्हांस न्याय्य वाटलें नाहीं. काय विचारलेंस तें दाखीव, असें म्हणून आम्ही चष्मा लावून तिच्याजवळ बसलों.

तिनें शोधयंत्रास दिलेले शब्द एवढेच होते : 'गोवर लस दुष्परिणाम'. पस्तीस वर्षें प्रश्नपत्रिका काढलेल्या माणसास येथील मेख ओळखावयास वेळ लागत नाहीं. उत्तराचें अर्धें रूप प्रश्नांतच ठरलेलें असतें. शोधयंत्र हा कोणी पंडित नव्हे. तो फार तर एक अतिशय चपळ ग्रंथपाल आहे. आपण दिलेले शब्द ज्या पानांत आढळतात तीं पानें तो गोळा करितो. त्यांकडे इतर किती पानें बोट दाखवितात, आपण कोठें राहतों, कोणत्या भाषेंत विचारतों, अशा अनेक खुणा पाहून त्यांचा क्रम लावितो. क्रमांत पहिलें आलें म्हणजे सत्य ठरलें, असें नाहीं. सूनबाईनें दुष्परिणाम मागितले, यंत्रानें दुष्परिणाम दिले. 'गोवर झाल्यास तान्ह्या मुलास काय होतें?' असें तिनें विचारलें असतें, तर त्याच यंत्रानें न्युमोनिया, मेंदूची सूज, अंधत्व आणि मृत्यु यांचीं पानें तिच्यापुढें मांडलीं असतीं.

शिवाय, दोन अक्षरें उमटतांच यंत्र पुढील शब्द आपण होऊन सुचवितें. या सूचना बहुतांशीं इतरांनीं पूर्वीं विचारलेल्या प्रश्नांवरून येतात. म्हणजे शेंकडों भ्यालेल्या आयांची शंका नव्या आईच्या तोंडीं आयतीच घातली जाते! आणखी एक अडचण अशी कीं, ज्या शब्दांवर जाणत्यांनीं कांहींच लिहिलेलें नाहीं, तेथें जो कोणी प्रथम लिहील त्यास अग्रपूजेचा मान मिळतो. मायकेल गोलेबिएव्स्की व डॅना बॉइड या अमेरिकन अभ्यासकांनीं २०१८ सालीं या प्रकारास 'माहितीची पोकळी' अशा अर्थाचें नांव दिलें. मराठींत तज्ज्ञांचें लेखन इंग्रजीच्या मानानें थोडें; तेव्हां ही पोकळी आपल्या घरांस अधिक जवळची आहे.

तिच्या यादींत एका पानावर लसीमुळें मुलें स्वमग्न होतात असें ठासून लिहिलें होतें. आधार म्हणून अँड्र्यू वेकफील्ड व सहकारी यांचा, १९९८ सालीं 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत आलेला निबंध दिला होता. निबंध खरोखरच छापला गेला होता. तेवढ्यापुरतें तें पान खोटें नव्हतें. मात्र तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. २००४ सालीं वेकफील्ड यांच्या दहा सहलेखकांनीं लसीशीं जोडलेला त्यांतील अर्थ मागें घेतला. २०१० सालीं नियतकालिकानें संपूर्ण निबंधच रद्द केला, आणि त्याच वर्षीं वेकफील्ड यांचें नांव ब्रिटनच्या वैद्यकांच्या नोंदवहींतून काढण्यांत आलें. पुढें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासांत ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या. लस व स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाहीं. सूनबाईनें वाचलेल्या पानावर १९९८ होतें, २०१० नव्हतें. अर्धी गोष्ट सांगितली कीं ती पुऱ्या असत्याहून अधिक फसविते.

पण दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वीं आमचीही एक चूक येथें कबूल केली पाहिजे. मागें एका स्नेह्यानें व्हॉट्सॲपवर एक मजकूर धाडला होता : जेन्नरच्या कित्येक शतकें आधीं धन्वंतरीनें गाईच्या देवीची लस संस्कृतांत वर्णिली आहे! आम्ही संस्कृतावर पोसलेले. ऊर भरून आला, आणि तो मजकूर तसाच दहा घरांस पाठविला. नंतर सुश्रुतसंहिता उघडून पाहिली. तेथें मसूरिका हा रोग आहे. लस कोठेंही नाहीं. अधिक शोध करितां कळलें कीं, १८१९ सालीं मद्रासच्या एका वृत्तपत्रांत धन्वंतरीच्या नांवावर हा उतारा आला होता. लोकांनीं देवी काढून घ्याव्या या सद्धेतूनें रचलेलें तें बनावट प्रमाण असावें, असा निष्कर्ष डॉमिनिक वुयास्टिक या विद्वानानें १९८७ सालीं मांडला आहे. मनुष्याच्या देवींतील द्रव्य टोंचण्याची प्रथा बंगालांत अठराव्या शतकांत होती, हें खरें; पण जेन्नरनें १७९६ सालीं योजिलेला गोस्तनदेवीचा उपाय तो निराळा. सूनबाईस भीतीनें फसविलें, आम्हांस अभिमानानें. दोघांनींही आपल्यास हवें तेंच वाचलें.

याचा परिणाम केवढा होतो? पॅसिफिक महासागरांतील सामोआ हा सुमारें दोन लक्ष वस्तीचा देश. २०१८ सालीं तेथें लस टोंचल्यावर दोन तान्हीं मुलें दगावलीं. दोष लसीचा नव्हता. तिची भुकटी पाण्याऐवजीं चुकून स्नायु शिथिल करणाऱ्या औषधांत कालविली गेली होती. परंतु लसीकरण कित्येक महिने थांबलें, मधल्या काळांत अफवांस ऊत आला, आणि लस घेतलेल्या बालकांचें प्रमाण सुमारें एकतृतीयांशावर उतरलें. २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली. ५,७०० हून अधिक लोकांस ती लागली व ८३ जण मृत्युमुखीं पडले. त्यांत बहुतेक पांच वर्षांखालील मुलें होतीं. आणि इतक्या दूर तरी कशास जावें? २०२२ सालीं मुंबईंत गोवंडीच्या बाजूस याच रोगानें मुलें गेलीं.

तर मग वाचूं नये काय? अवश्य वाचावें. आपल्या न्यायशास्त्रानें आप्ताचा शब्द प्रमाण मानिला आहे. पण आप्त म्हणजे नातलग नव्हे, तर विषय स्वतः जाणणारा व जाणलें तसें सांगणारा. म्हणून पान उघडतांच चार गोष्टी पाहाव्या : लिहिणारा कोण, लिहिलें केव्हां, आधार कोणता, आणि शेवटीं तो कांहीं विकतो आहे काय. प्रश्न नेहमीं दोन्ही बाजूंनीं विचारावा. पूर्वपक्ष ऐकल्यावर उत्तरपक्ष न ऐकतां सभा सोडूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ सालापासून लसीविषयींचीं विश्वसनीय संकेतस्थळें पारखून घेण्याची व्यवस्था केली आहे. तिचा उपयोग करावा. आणि उरलेली शंका कागदावर लिहून डॉक्टरांपुढें ठेवावी. लसीनें कांहींच होत नाहीं असेंही कोणी म्हणूं नये. साधारण आठवड्यानंतर ताप येतो, क्वचित् अंगावर पुरळ उठतें; तीव्र प्रतिक्रिया अति विरळ, पण ती येऊं शकते म्हणूनच टोंचल्यावर अर्धा तास तेथें बसवून ठेवितात.

त्या रात्रीं आम्हीं सूनबाईस आजवर घरांत न काढलेली एक गोष्ट सांगितली. आमची धाकटी बहीण अडीच वर्षांची असतां गोवराच्या तापांत गेली. दाराशीं कडुनिंबाचा डहाळा होता, उशाशीं आई होती. गोवराची लस आपल्या देशाच्या सार्वत्रिक कार्यक्रमांत १९८५ सालीं आली. ती वीस वर्षें आधींची गोष्ट. आईपाशीं विचारावयास प्रश्न नव्हता, आणि कोणापाशीं उत्तरही नव्हतें. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें कागद घेऊन पांच शंका लिहिल्या.

पुढच्या बुधवारीं डॉक्टरांनीं पांचही शंकांचीं उत्तरें दिलीं, आणि बाळीस लस टोंचली. आठव्या दिवशीं तिला ताप आला. आम्हीच थोडे गडबडलों; सूनबाई मात्र शांतपणें म्हणाली, "बाबा, हें होणार होतें. मीं वाचलें आहे."