ड्रॅगनच्या तोंडाची बदनामी

कोमोडो ड्रॅगनच्या घाणेरड्या लाळेतल्या बॅक्टेरियामुळे शिकार सडून मरते, हे तुम्ही एखाद्या डॉक्युमेंटरीत ऐकलंच असेल. ऐकायला भारी, पण चूक! २००९ मध्ये ब्रायन फ्राय यांच्या टीमने दाखवून दिलं, की त्याच्या खालच्या जबड्यात चक्क विषग्रंथी आहेत.

इंडोनेशियाच्या मोजक्या बेटांवर राहणारा हा तीन मीटरपर्यंत वाढणारा गडी दुभंगलेल्या जिभेने वास टिपतो, दबा धरून बसतो आणि हरिण टप्प्यात आलं की झडप घालतो. करवती दात मांस फाडतात. विषामुळे रक्त गोठत नाही, रक्तदाब कोसळतो. मग एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत मांस फस्त!

बेटावर राहून तो एवढा मोठा झाला, ही आणखी एक लाडकी थिअरी. पण ऑस्ट्रेलियातले सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म सांगतात, की तो तिथेच दांडगा झाला आणि नंतर बेटांवर पोचला.

आपली घोरपडही याच व्हॅरॅनस गटातली, त्याची चुलत बहीणच. तिच्याबद्दलही अशाच गोष्टी पसरल्यात : तेलाने सांधेदुखी जाते, ‘हत्थाजोडी’ने पैसा येतो. मूळ म्हणून विकली जाणारी ही हत्थाजोडी अनेकदा असते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय! अशी विक्री हा गुन्हा आहे.

न तपासलेल्या गोष्टीने ड्रॅगनची फक्त बदनामी झाली. घोरपडीचा जीव जातोय. तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी, विकत घेण्याआधी एकदा विचारा, ‘हे कुणी तपासलंय?’