अलाहाबादचा बर्फ आणि माळव्यातला हरभरा

जानेवारीत उत्तरेचा वारा येऊन थांबला की उज्जैनच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या शेजारी शेजारी छापून येतात. एकीत जीवाजी वेधशाळेने नोंदवलेलं किमान तापमान असतं, तीन-चार अंशांच्या आसपासचं. दुसरीत तराना, घट्टिया, बडनगरकडच्या शेतांत पहाटे पानांवर जमलेला बर्फ. महाराष्ट्रातल्या वाचकालाही ही जोडी ओळखीची आहे. महाबळेश्वर गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो आणि वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रं येतात. पाणी शून्य अंशाला गोठतं हे शाळेत शिकलेल्या कुणालाही प्रश्न पडावा, की मग चार अंशाला बर्फ कसा? ज्यांची मुलं-नातवंडं कॅनडा-अमेरिकेत आहेत ते पुढचा प्रश्न विचारतात: तिकडे गोठणारा पाऊस पडतो, विजेच्या तारा तुटतात, तसं काही माळव्यात होईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. तशा पावसासाठी हवेचे थर उलटे रचलेले असावे लागतात. वर शून्याहून उबदार हवा आणि तिच्याखाली, जमिनीलगत, शून्याखालच्या थंड हवेचा पातळ थर. वरून येणारा हिमकण मधल्या उबेत वितळतो, खालच्या थंडीत गोठायला त्याला वेळ मिळत नाही आणि द्रवरूपातच तो फांदीवर, तारेवर आदळून काचेसारखा चिकटतो. जानेवारी १९९८मध्ये पूर्व कॅनडात असा पाऊस काही दिवस पडत राहिला. विजेचे हजाराहून अधिक मनोरे कोसळले आणि लाखो लोक ऐन थंडीत अंधारात राहिले. खालचा थर थोडा जाड झाला तर थेंब वाटेतच गोठून गोळ्या होतात, एखाद-दुसऱ्या अंशाने तापला तर साधा पाऊस पडतो. अंदाज वर्तवणाऱ्यांची तिथे भंबेरी उडते ती यामुळे. माळव्यात हा योग येत नाही. आपल्याकडे मावठाचे ढग आले की रात्र उबदार होते आणि जमीन शून्यापर्यंत पोचतच नाही. फेब्रुवारी-मार्चातल्या गारा उंच ढगांत तयार होऊन येतात, त्यांचा मामला वेगळा. आपला हिवाळी बर्फ येतो तो निरभ्र आकाशाखाली, म्हणजे पाऊस नसतो तेव्हाच. माळव्यात त्याला पाला पडणं म्हणतात.

आता पहिला प्रश्न. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतलेली उज्जैनची वेधशाळा खोटं बोलत नसते. हवामानाच्या नोंदीसाठी तापमापक ठेवायचा तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, अशी जगभरची रीत आहे. तो हवेचं तापमान मोजतो. हरभऱ्याचं पान मात्र पेटीत नसतं, ते उघड्या आकाशाखाली असतं, आणि रात्रभर त्याच्या उष्णतेचा जमाखर्च चालू असतो. खर्चाची बाजू ठरलेली. पान अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे उष्णता फेकत राहतं. ढग असले तर बरीचशी परत मिळते, कोरडं निरभ्र आकाश त्यामानाने कमी परत करतं. जमेच्या बाजूला तीनच रकमा: जमिनीतून वर येणारी ऊब, वाऱ्याने आणलेली वरची तुलनेने उबदार हवा, आणि दव जमताना बाहेर पडणारी उष्णता. वारा पडला, जमीन कोरडी असली, हवेत बाष्पही नसलं, की तिन्ही रकमा आटतात आणि पान भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत जातं. त्यातच जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेहून आधीच थंड असते. दोन्ही मिळून तीन-चार अंशांची तफावत सहज पडते.

हे नुसत्या सिद्धांतावर सोडायची गरज नाही, कारण आपल्या देशात याच तफावतीवर एक अख्खा धंदा चालत होता. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १७७५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादच्या बर्फाची कृती लिहिली आहे. मोकळ्या माळावर सुमारे तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे. तळाशी उसाची चिपाडं किंवा मक्याची वाळलेली ताटं वीतभर जाडीने पसरायची. त्यावर बिनझिलईची, बोटभर खोलीची मातीची परळं ओळीने मांडायची, तिन्हीसांजेला त्यांत उकळून निवलेलं पाणी ओतायचं आणि सूर्य वर येण्याआधी बर्फ गोळा करायचा. नैसर्गिक बर्फ तिथे क्वचितच कुणाला दिसतो, हे बार्करनेच नोंदवलं आहे. वारा सुटला किंवा ढग आले की मात्र मेहनत वाया. हे काम करणाऱ्या माणसांपैकी एकाचंही नाव बार्कर देत नाही. १८३३मध्ये बोस्टनहून बर्फ भरलेलं जहाज कलकत्त्याला लागलं आणि पुढे त्या व्यापाराने कलकत्त्यात तरी या कारागिरीचं महत्त्व संपवलं. पण विकिरणाने होणाऱ्या शीतलीकरणाचा इतका काटेकोर वापर युरोपातल्या कुठल्या प्रयोगशाळेने बार्करच्या काळापर्यंत केलेला नव्हता, हे म्हणायला हरकत नाही.

त्या खड्ड्यांमागचं कारण नीट उलगडलं ते विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधल्या डॉक्टरने. त्याचा दवावरचा निबंध १८१४चा. तोवर समज असा होता, की परळातलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं, माठातल्यासारखं. वेल्सने रात्री उघड्यावर लोकरीचे पुंजके ठेवले, कुणावर फळीचं छप्पर, कुणावर आकाश, आणि सकाळी त्यांची वजनं केली. आकाश दिसणाऱ्या पुंजक्याने कितीतरी जास्त दव धरलं होतं. दव आभाळातून ‘पडत’ नाही, वस्तू आधी थंड होते आणि मग तिच्यावर हवेतलं बाष्प जमतं, हे त्यातून सिद्ध झालं. बंगालमध्ये अलाहाबादच्याच रीतीने केल्या जाणाऱ्या बर्फाचा खुलासाही त्याने याच सूत्राने केला. माळी लोक रोपांवर पातळशी चटई टाकतात त्याला आपण अर्धवट ज्ञानाच्या तोऱ्यात हसत होतो, हे त्याने त्याच निबंधात मान्य करून टाकलं आहे. चटई थंडी अडवत नाही, ती रोपाच्या आणि आकाशाच्या मधे येते. (याच वेल्सने १८१३मध्ये नैसर्गिक निवडीचा विचार मांडला होता, ज्याची दखल डार्विनला पुढे घ्यावी लागली. एका माणसाने दोन थोर कल्पनांना हात घालावा आणि पाठ्यपुस्तकांत त्याला एक ओळही मिळू नये, हे चीड आणणारं आहे.)

माझं म्हणणं एवढंच, की पाल्यापासून पीक वाचवण्याचं शास्त्र म्हणजे अलाहाबादची ती कृती उलटी वाचणं. त्या बर्फ करणाऱ्यांनी खड्डा निवडला, कारण थंड जड हवा सखल जागी साचते. म्हणून नाल्याकाठच्या, बांधाआडच्या वावरात आधी लक्ष द्यायचं. त्यांनी तळाला कोरडी चिपाडं घातली, कारण त्यांना जमिनीची ऊब वर यायला नको होती. म्हणून ओळींमधे वाळलेला पेंढा पसरून पीक उबेत ठेवल्याचं समाधान मानू नये. तो पेंढा जमिनीची उष्णता खालीच कोंडतो आणि पान अधिक थंड पडतं. रोपांच्या वरून आच्छादन करणं ही वेगळी गोष्ट, ती वेल्सची चटई. आणि हलकं पाणी द्यायचं ते अशासाठी, की कोरडी भेगाळलेली काळी माती उष्णता ना साठवते ना वाहून नेते, ओली दोन्ही करते. म्हणजे पाणी दिवसा दिलेलं उत्तम, ऊन साठायला वेळ मिळतो. तुषार सिंचनाने तर पानावर मुद्दाम बर्फ करून पीक वाचवतात, कारण एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी सोडतं. पण मधेच वीज गेली आणि तुषार थांबले तर ओल्या पानावरून बाष्पीभवन सुरू होतं, त्यात ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी जातात आणि न भिजवलेल्या शेतापेक्षा वाईट अवस्था होते. शेतीच्या विजेची पाळी पाहता हा उपाय जपूनच करावा.

इथे कुणी म्हणेल, धुराचं काय? बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करायचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, सरकारी पत्रकांतही तो असतो. मला तो कमकुवत वाटतो. धुराचे कण बहुतांशी एक मायक्रॉनहून बारीक, पान फेकतं त्या उष्णतेच्या लहरी दहा मायक्रॉनच्या आसपास. माणसाच्या डोळ्याला धूर दाट दिसला तरी या लहरी त्यातून बिनदिक्कत निघून जातात. धुक्याचे थेंब मोठे असतात, ते अडवतात. धुराने काही पदरात पडत असेल तर ती खालच्या आगीची ऊब, आणि तिच्यासाठी ओल्या कचऱ्यापेक्षा कोरड्या काटक्यांच्या लहान लहान शेकोट्या बऱ्या. निफाडकडचे द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या करतात ते म्हणूनच सयुक्तिक. एकच मोठी होळी केली तर तिची गरम हवा वेगाने उंच निघून जाते. अनुभव खोटा कसा, असं विचारलं जाईल. धूर केलेल्या रात्रींपैकी अनेक रात्री तशाही पाला न पडण्याच्याच असतात, आणि वाचलेल्या पिकाचं श्रेय धुराला मिळतं.

राहिला अंदाज. भारतीय हवामान विभागाला ही तफावत माहीत नाही असं नाही. मैदानी भागात हवेचं तापमान चार अंशांखाली गेलं की जमिनीवर पाल्याचा इशारा देण्याचा निकष त्यामुळेच आहे, आणि कृषी-हवामान केंद्रांवर गवताच्या पातळीवरचं किमान तापमान वेगळं मोजलंही जातं. २०११च्या जानेवारीत मध्य प्रदेशात पाल्याने रब्बीची मोठी हानी झाली, मदतीवरून राज्य आणि केंद्र यांच्यात जुंपली, आणि २०१२मध्ये शीतलहर व पाला यांना सरकारी मदतीस पात्र आपत्तींच्या यादीत जागा मिळाली. तरी शेतकऱ्यापर्यंत पोचतो तो पेटीतला एक आकडाच. त्याच्या जोडीला गवतावरचं किमान आणि दवबिंदूचं तापमान (ज्याला हवेतलं बाष्प दव होऊन जमू लागतं ते) छापलं तर चित्र पालटेल. दवबिंदू सात-आठ अंशांवर असेल तर दव लवकर जमू लागतं आणि त्यातून सुटणारी उष्णता घसरण रोखते. तो शून्याखाली असेल तर पारा कुठे थांबेल याला आधारच नाही. हिवाळ्यात पश्चिमेकडून ढग घेऊन येणारा पश्चिमी विक्षोभ सरकून ढग पांगल्यावर कोरडी उत्तरी हवा पसरते. वारा वाहतो ती पहिली रात्र बोचरी लागली तरी बहुधा निभावते, धोका असतो तो वारा पडल्यानंतरच्या एक-दोन रात्री.

शेताशेतात यंत्रं कोण बसवणार, हा आक्षेप रास्त आहे, पण त्याची गरज नाही. निरभ्र, निवांत रात्रींत एखाद्या वावराची वेधशाळेशी असलेली तफावत साधारण तेवढीच राहते, कारण ती त्या जागेच्या उतारावर आणि मातीवर ठरते. किमान तापमान धरून ठेवणारा साधा तापमापक पिकाच्या उंचीवर उघडा ठेवून डिसेंबरातल्या काही सकाळी छापील आकड्याशी ताडला, तर आपल्या सखल वावरासाठी चारऐवजी सहा अंशांच्या अंदाजालाच पाणी सोडायचं की नाही, हे हरभरा फुलावर येण्याआधी ठरवता येतं.