टाइमशेअर : सवलतींची गोडी आणि वर्गणीचा भार

परंडा : पेट्रोल पंपावर किंवा मॉलमध्ये सहज भरून दिलेली एक चिठ्ठी, चार दिवसांनी 'आपली निवड झाली आहे' असे सांगणारा दूरध्वनी आणि पती-पत्नींनी जोडीनेच यावे असा आग्रह. सोलापूर वा पुण्यातील एखाद्या हॉटेलात तासाभराचे सादरीकरण होते आणि '25 वर्षे हक्काची सुटी' विकत घेण्याचा निर्णय त्याच बैठकीत मागितला जातो. या बैठकीत खोली, हंगाम आणि वार्षिक वर्गणी यांच्यापेक्षा अधिक वेळ जातो तो सदस्यांच्या सवलतींवर. उपाहारगृहात सूट, स्पामध्ये सूट, विमान तिकिटांवर सूट, भेट कुपने, मनोरंजन उद्यानांची प्रवेशपत्रे अशी ही यादी लांबत जाते. परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाला तिचा उपयोग किती, याचा हिशेब मात्र त्या बैठकीत मांडला जात नाही.

सुटीचे घर अनेकांनी मिळून, प्रत्येकाने वर्षातील ठरावीक काळापुरते वापरायचे, ही कल्पना युरोपात 1960च्या दशकात रुजली. भारतात 'स्टर्लिंग' ही कंपनी 1986 मध्ये, तर महिंद्र समूहाची 'महिंद्रा हॉलिडेज' 1996 मध्ये या व्यवसायात उतरली. येथे ग्राहकाला सहसा मालमत्ता मिळत नाही. ठरावीक वर्षे, दरवर्षी ठरावीक रात्री राहण्याचा हक्क मिळतो. त्यासाठी आरंभी एकरकमी किंवा हप्त्यांनी सदस्यत्व शुल्क आणि त्यानंतर दरवर्षी वर्गणी भरावी लागते. ही वर्गणी सुटीवर न जाताही द्यावी लागते, हा या व्यवहाराचा कणा आहे.

हिशेब काय सांगतो?

परंड्यातील एका शिक्षक दांपत्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. सदस्यत्व 3 लाख रुपयांचे, मुदत 25 वर्षांची आणि दरवर्षी 7 रात्री. पहिल्या वर्षीची वर्गणी करासह 15 हजार रुपये आणि तीत दरवर्षी 6 टक्के वाढ, असे धरू. 25 वर्षांत केवळ वर्गणीपोटी सुमारे 8 लाख 23 हजार रुपये जातात. मूळ 3 लाख मिळवले की एकूण खर्च सव्वाअकरा लाखांच्या घरात पोहोचतो. सर्व 175 रात्री वापरल्या, तर एका रात्रीचा खर्च सुमारे 6,400 रुपये पडतो. न वापरलेल्या रात्री बाद होत असतील आणि कुटुंब वर्षाआड जात असेल, तर तोच आकडा 12,800च्या पुढे जातो. मूळ रकमेवर बुडालेले बँकेचे व्याज, प्रवास आणि जेवणखाण यांचा समावेश यात नाही.

आता सवलत पाहू. आठवडाभराच्या मुक्कामात चौघांच्या खाण्यापिण्याचे बिल 28 हजार रुपये झाले आणि त्यावर 15 टक्के सूट मिळाली, तर 4,200 रुपये वाचतात. ही रक्कम त्या वर्षीच्या वर्गणीच्या जेमतेम 28 टक्के. ज्या वर्षी घरातील लग्न, आजारपण किंवा मुलांच्या परीक्षा यांमुळे सुटी हुकते, त्या वर्षी वर्गणीचे 15 हजार आणि मूळ शुल्काचा वार्षिक वाटा 12 हजार, असे 27 हजार रुपये वाया जातात. ते 15 टक्के सवलतीतून भरून काढायचे म्हटले, तर त्या कुटुंबाला 1 लाख 80 हजार रुपयांची खरेदी करावी लागेल. शिवाय सवलत देणारी उपाहारगृहे, स्पा आणि दुकाने बहुतांशी मोठ्या शहरांत असतात. परंड्याच्या कुटुंबाला त्यांचा लाभ घेण्यासाठी आधी प्रवासखर्च करावा लागतो.

सूट नव्हे, हंगाम महत्त्वाचा

याचा अर्थ टाइमशेअर सर्वांनाच महाग पडतो असा नाही. हॉटेलांचे दरही वर्षागणिक वाढतात. दरवर्षी न चुकता जाणाऱ्या, काही महिने आधी बेत ठरवू शकणाऱ्या आणि स्वयंपाकघरासह मोठी खोली हवी असणाऱ्या कुटुंबांना हा व्यवहार परवडू शकतो. मात्र तो परवडतो तो खोलीच्या वापरामुळे, सवलतींमुळे नव्हे.

म्हणूनच पहिला प्रश्न हंगामाचा. 'क्लब महिंद्रा'च्या सदस्यत्वात जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे हंगाम असून जांभळा सर्वाधिक, तर निळा सर्वांत कमी मागणीचा असतो. खालच्या हंगामाचे सदस्यत्व स्वस्त पडते, परंतु त्यावर ऐन गर्दीच्या दिवसांतील खोलीचा हक्क मिळत नाही. शिक्षकाला दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीतच बाहेर पडता येते. रब्बी ज्वारीची काढणी उरकल्यावर खरिपाच्या तयारीपूर्वी मोकळा होणारा शेतकरीही उन्हाळ्यातच निघतो. महाबळेश्वर किंवा गोव्यात सर्वांनाच जायचे असते, तेही त्याच दिवसांत. अशा कुटुंबाने सवलतींवर भाळून स्वस्त हंगाम घेतला, तर सदस्यत्व कागदावरच राहते.

दुसरा मुद्दा लवचीकतेचा. आपल्या वाट्याचा आठवडा देऊन अन्य ठिकाणी राहण्याची सोय करणारी 'आरसीआय' ही संस्था अमेरिकेत 1974 मध्ये स्थापन झाली. एकाच ठिकाणी अडकलेल्या सदस्याला तिने वाट मोकळी करून दिली. अशी अदलाबदल, न वापरलेल्या रात्री पुढील वर्षी नेण्याची मुभा, नातेवाइकांना पाठविण्याची परवानगी आणि सदस्यत्व हस्तांतरित करण्याचा अधिकार या चार गोष्टी सदस्याच्या खऱ्या उपयोगाच्या आहेत. त्यांसाठी वेगळे शुल्क पडते काय, हेही विचारून घ्यावे. उपाहारगृहातील सूट ही कंपनी आणि त्या व्यावसायिकातील समझोत्यावर अवलंबून असते आणि तो कधीही बदलू शकतो. करारात लिहिलेला हक्क मात्र मागता येतो.

'रात्री वापरा, नाहीतर पैसे घ्या'

लाभाचे आमिष किती दूर जाऊ शकते, हे महाराष्ट्राने 'पॅनकार्ड क्लब्ज' या मुंबईच्या कंपनीच्या प्रकरणात पाहिले. हॉटेलातील 'रूम नाइट्स' या नावाने कंपनीने योजना विकल्या. रात्री न वापरल्यास मुदतीअखेर त्यांचे मूल्य रोख घेण्याचा पर्याय ठेवला. ही सामूहिक गुंतवणूक योजनाच असून ती नोंदणीविना चालविली गेली, असा निष्कर्ष 'सेबी'ने फेब्रुवारी 2016 मध्ये काढला आणि सुमारे 7,035 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदारांची संख्या 50 लाखांहून अधिक होती. रोखे अपील न्यायाधिकरणाने 2017 मध्ये कंपनीचे अपील फेटाळले. पुढे 2022 मध्ये प्रकरण दिवाळखोरी प्रक्रियेत गेले. हा नेहमीच्या अर्थाने टाइमशेअर नव्हता. तथापि सुटीच्या नावाखाली परताव्याचे आश्वासन मिळू लागले, तर तो व्यवहार सुटीचा उरत नाही, एवढा धडा त्यातून घेता येतो.

सही करण्यापूर्वी आणि नंतर

युरोपीय संघाच्या 2008च्या निर्देशानुसार टाइमशेअर ग्राहकाला 14 दिवसांत कारण न देता करारातून माघार घेता येते. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. माघारीची मुदत करारात लिहिलेली असेल तेवढीच. ती किती दिवसांची, वर्गणी कोणत्या निकषावर वाढणार, हप्ते थकल्यास काय होणार आणि मधूनच बाहेर पडल्यास किती रक्कम परत मिळणार, हे चार मुद्दे सहीपूर्वी वाचलेच पाहिजेत. विक्रेत्याने तोंडी सांगितलेली प्रत्येक सवलत लेखी मागावी. लेखी देण्यास नकार मिळाला, तर ती सवलत नाही असेच समजावे.

तक्रारीसाठी परंड्याच्या ग्राहकाला मुंबई वा चेन्नई गाठण्याची आवश्यकता नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे धाराशिव येथे, तक्रार दाखल करता येते. मोबदल्याची रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि तारकर्ली येथील निवासस्थाने कोणत्याही सदस्यत्वाविना, जाल तेवढ्याच दिवसांचे पैसे देऊन मिळतात. गेल्या पाच वर्षांत आपले कुटुंब किती वेळा आणि कोणत्या महिन्यात सुटीवर गेले, एवढे घरी बसून एका कागदावर लिहिले, तरी 25 वर्षांची वर्गणी भरावी की नाही, याचे उत्तर बहुधा त्याच कागदावर सापडेल. सवलतींची यादी त्यानंतर वाचली तरी चालेल.